ध्यानाला बसलेली पिल्लं

बोरटेकच्या दूध संस्थेत त्या साली दूध सोडून सगळं होतं. पाटी होती, कुलूप होतं, फॅट मोजायचं मशीन होतं आणि भिंतीवर चेअरमन मोहनरावांचे चार फोटो होते. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेले, पण बोरटेकला त्याचं काही वाटत नसे. संस्थेचा सचिव रामकिसन रोज सकाळी कुलूप काढायचा, रिकाम्या कॅनवरची धूळ पुसायचा आणि दुपारी कुलूप लावून घरी यायचा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. गावातली गुरं चारा छावणीत दावणीला होती. छावणी संस्थेची, म्हणजे मोहनरावांची. टँकरचं पाणी मोहनरावांच्या हौदात आधी पडायचं आणि मग गावात. मोहनराव मानाचा मोठा भुकेला माणूस. दोन वर्षांमागं बैलपोळ्याला गावातल्या सटवाचा बैल चुकून त्यांच्या बैलाआधी वेशीतून गेला, तर या गृहस्थानं सगळ्या गावाचा पोळा दीड तास अडवून धरला होता. बैल मागं फिरवले, वेशीत पाणी शिंपडलं, चेअरमनचा बैल आधी नेला, तेव्हा कुठं वाजंत्री वाजली. नारळ, गुलाल, अंगारा, तीर्थ, कुठलाही मान आधी त्या घरात जायचा आणि उरलंसुरलं गावाला.

या माणसाला दुष्काळात चारा पुरेसा आणता येईना, म्हणून त्यानं देव आणला. देव काही नवा नव्हता. टेकडीवरचा मारुती पिढ्यान्‌पिढ्या तिथंच लहानशा देवळात बसलेला. पण मोहनराव एकदा लिंबागणेशच्या देवस्थानाला गेले, तिथली गर्दी बघितली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, पाऊस पडेपर्यंत दर शनिवारी मारुतीला शेंदराचा नवा चोळा चढवायचा, अस्सल शेंदराचा, संस्थेतर्फे. एरवी वर्षातून एकदा हनुमान जयंतीला चढायचा तो चोळा आता दर आठवड्याला चढू लागला. तेल आणि शेंदूर, तेल आणि शेंदूर. देव जाड होत गेला. आधी नाक गेलं, मग ओठ गेले, गदा कुठं संपते आणि हात कुठं सुरू होतो ते कळेना. शेवटी वरून चिकटवलेले चांदीचे दोन डोळे तेवढे उरले.

चोळ्याआधी टँकरच्या पाण्यानं देवाला आंघोळ. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून मोहनरावांनी गाभाऱ्याच्या मोरीखाली सिमेंटची कुंडी बांधली आणि वर पाटी लावली : ‘वानरांसाठी पाणवठा. सौजन्य : चेअरमन.’ बीडच्या एका पेपरात फोटो आला, ‘मुक्या जिवांचा वाली’ म्हणून. कुंडीतलं पाणी तांबूस असायचं, वर तेलाचा तवंग. पण त्या साली टेकडीवर दुसरं पाणीच नव्हतं. वानर काय करतील?

ते पाणी कोण पितंय आणि पिऊन त्याचं काय होतंय, हे साऱ्या बोरटेकमध्ये एकाच बाईनं बघितलं. रामकिसनची आई, छबुबाई.

छबुबाईच्या अकरा शेळ्या. छावणीत शेळीला जागा नव्हती, कारण छावणी मोठ्या जनावरांची. शेळी जनावरात मोडत नाही, हे सरकारनं ठरवलं होतं आणि मोहनरावांनी ते आनंदानं पाळलं होतं. म्हणून छबुबाई दिवस उगवला की शेळ्या घेऊन टेकडीला लागायची. चाळीस वर्षं तिची तीच वाट. टेकडीवरचं काळतोंड्या वानरांचं टोळकं तिला भावकीसारखं पाठ होतं. त्यातल्या शेपूट तुटलेल्या मादीला ती बांडी म्हणायची. बांडीनं तिच्या डोक्यावरच्या टोपल्यातून भाकरी किती वेळा पळवली असेल, त्याचा हिशेब नाही. छबुबाई शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी एक भाकर जास्त न्यायची.

वानराचं पिल्लू कसं असतं ते तिला विचारावं. जन्मतः काळंभोर. पहिल्याच दिवसापासून टोळक्यातल्या सगळ्या माद्या त्याला हिसकतात, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, गावात नव्या बाळाला घेतात तसं. दीड-दोन महिन्यांचं झालं की ते आईच्या पोटावरून सटकतं. फांदीवरून पडतं, पुन्हा चढतं, हुप्प्याची शेपटी ओढून पळतं. आई ओढून आणते, ते पुन्हा पळतं. चार महिन्यांची दोन पिल्लं एका झाडावर असली की त्या झाडाला पान राहत नाही. छबुबाईची अर्धी करमणूक तीच होती.

त्या वर्षी पौष-माघात तीन पिल्लं जन्माला आली. वैशाख आला तरी तिन्ही आयांच्या पोटाला चिकटून. खेळणं नाही, ओढाताण नाही. बांडीचं पिल्लू तर आईनं खाली ठेवलं की ठेवलेल्या जागी बसून राहायचं, नजर कुठंतरी लावून. दुसऱ्या मादीनं उचललं तर किंचाळायचं, सोडलं की पुन्हा गप्प. एकदा चिंचेच्या खालच्या फांदीवर त्यानं हात टाकला आणि मूठ मिटलीच नाही. धपकन खाली आलं. आणि पडल्यावर रडलंसुद्धा नाही. चाळीस वर्षांत छबुबाईनं बिबट्यानं धरलेली पिल्लं बघितली होती, उन्हानं मेलेली बघितली होती. हे असलं पिल्लू तिनं बघितलं नव्हतं.

गावानंही ती पिल्लं बघितली. पण गावाचे डोळे वेगळे! धुळाजी गुरव एका शनिवारी चोळा चढवून मागं वळला, तर कुंडीच्या काठावर तिन्ही पिल्लं ओळीनं बसलेली, तोंड देवाकडं, हालचाल नाही. धुळाजीनं गाभाऱ्यातूनच हात जोडले. ‘ध्यान लावलं हो, ध्यान! वांदराची जात, आन् ध्यान लावलं!’ कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. आठ दिवसांत ते केजच्या बाजारात पोचलं, पंधरा दिवसांत लोक जीप भरभरून यायला लागले. वानर चंचल, मन चंचल, पण आमच्या मारुतीपुढं वानराचं पिल्लूही स्थिर होतं, असं मोहनराव माईकवर सांगायचे. मंदबुद्धीला भक्ती म्हणणारं गाव शोधायला बोरटेकच्या पुढं जायची गरज नव्हती.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की जे वानराला चालतं ते लेकराला का चालू नये? घरोघरी हट्टी, रडकी, पळकुटी पोरं होतीच. आयांचे हाल तर विचारू नका. दोन दोन तास टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि कडेवर पोर हातपाय झाडतंय. मोहनरावांनी नामकरण करून टाकलं : शांतीतीर्थ. देवाच्या आंघोळीचं पाणी, बाळाला एक पळी, पाच शनिवार. सुरुवात थाटात करायची. वैशाखातला शेवटचा शनिवार ठरला. बीडहून बडे लोक येणार होते, कारण मोहनरावांना आता जिल्ह्याच्या दूध संघावर जायचं होतं. तीर्थ पहिल्यांदा कुणाला द्यायचं, तेही त्यांनी ठरवलं. सचिवाच्या घरातल्या लेकराला.

ते लेकरू म्हणजे मुक्ता. छबुबाईची नात, अकरा महिन्यांची.

मुक्ता म्हणजे घरात सोडलेलं वारं. पिठाचा डबा पालथा, चुलीतली राख तोंडात, शेळीचा कान मुठीत. झोपेतसुद्धा एक हात काहीतरी ओढत असायचा. छबुबाईच्या गळ्यातली पोत तिनं दोनदा तोडली होती. मणी गोळा करताना छबुबाई म्हणायची, ‘तोड गं माय, अजून तोड, तुझ्या बापानं कदी कायी तोडलं न्हाई म्हनून त असा झाला.’ रामकिसन ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पण अंजनाचं, रामकिसनच्या बायकोचं, वेगळं होतं. तिला रात्री झोप नव्हती, दिवसा बसणं नव्हतं. रामकिसननं शांतीतीर्थाची बातमी आणली तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली.

‘पाच शनवार दिलं की लेकरू शांत व्हतंय म्हनं,’ रामकिसन म्हणाला. ‘आन् पयला मान आपल्याला. चेअरमननी सोता सांगितलं.’

‘आरं, तुझा चेअरमन पोळ्याला बैलाचा मान देईना कुनाला, आन् देवाचा मान तुला देतोय?’ छबुबाई म्हणाली. ‘कावून देतोय, ते इचारलं का?’

‘तू गप बस, आये. तुला समद्यात खोट दिसती.’

मुक्तानं परातीतलं पीठ उधळलं होतं आणि अंजना ते पुन्हा गोळा करत होती.

छबुबाईचा तोवर नुसता संशय होता, तो ती टँकरच्या रांगेत चारचौघींत बोलून दाखवायची. खात्री पटली ती करडामुळं. तिचं एक तांबडं करडू, तहानेनं वेडं झालेलं, तिची नजर चुकवून दहा-बारा दिवस कुंडीवर जात होतं. एका सकाळी ते गोल गोल फिरायला लागलं. दात खाऊ लागलं. मग गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून ढकलत उभं राहिलं, भिंत सरकवायची असल्यासारखं. डोळ्यांपुढं हात नेला तर पापणी लवेना. छबुबाईनं छावणीतून जनावरांच्या डॉक्टरला अक्षरशः बाही धरून आणलं.

राधाकिशन डॉक्टर तरुण माणूस. हुशार होता, पण कणा अजून आला नव्हता. त्यानं करडाचं तोंड उघडलं, हिरडीवर तांबडं बघितलं.

‘पाणी कुठलं पितं हे?’

‘मारुतीच्या कुंडीतलं.’

डॉक्टरनं करडाचं तोंड मिटलं. मग म्हणाला, ‘बाई, खरा शेंदूर म्हणजे शिसं असतं. बॅटरीत असतं ना, तेच, भाजून केलेलं. पोटात गेलं की रक्तात जातं, रक्तातून मेंदूत. हे करडू आता वाचणार नाही.’

‘आन् वांदराची पिल्लं?’ छबुबाईनं विचारलं. ‘ती खेळत न्हाईत. आईला सोडत न्हाईत. हाताची मूठ मिटत न्हाई. गावात म्हनत्यात, ध्यान लावलंय.’

‘कसलं ध्यान, बाई? आई गाभण असताना तेच पाणी प्यायली. आता दूध तिचंच आणि पाणीही तेच. लहान जिवाला हे फार लवकर बाधतं. शिकायच्या वयात मेंदूच मंदावतो. मग ते खेळतही नाही आणि शिकतही नाही.’

‘मानसाच्या लेकराला?’

‘तसंच. आणि एकदा झालं की पुन्हा नीट होत नाही.’

करडू दुपारी गेलं. छबुबाईनं ते पुरलं, हात धुतले आणि तशीच दूध संस्थेत गेली.

मोहनराव कूलरपुढं बसले होते. बाहेर माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण कूलरला होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, हसले आणि रामकिसनकडं बघून म्हणाले, ‘सचिव, तुमच्या मातोश्रीला ऊन लागलंय.’ रामकिसननंही हसून घेतलं. मालक हसला की हसायचं, एवढं तो बारा वर्षांत शिकला होता.

‘माज्या डोक्यातलं न्हाई हे,’ छबुबाई म्हणाली. ‘डाक्टरनं सांगितलं. लावा फोन.’

मोहनरावांनी फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. ‘डॉक्टर, तुम्ही आमच्या मारुतीचा शेंदूर विषारी हाय म्हनलात का?’

पलीकडं एक क्षण नुसती खरखर. मग राधाकिशन डॉक्टरचा आवाज आला, ‘नाही हो आण्णा, मी कशाला असं म्हणेन? बाईंचा काहीतरी गैरसमज झाला. करडू उष्माघातानं गेलं.’

‘ऐकलं?’ मोहनराव म्हणाले.

छबुबाईनं ऐकलं. पण तिनं बघितलंही. मोहनरावांनी फोन ठेवला नाही. त्याचा मोठा आवाज बंद केला, कानाला लावला आणि उठून बाहेर गेले. आवारात भिंतीकडं तोंड करून कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होते. परत आले तेव्हा हसत नव्हते. ‘जावा आता घरी,’ एवढंच म्हणाले. ‘आन् शनवारी नातीला घिऊन या. तुमच्या घरातलं लेकरू पयलं तीर्थ पिऊ द्या, म्हंजी गावात कुनी फाटे फोडनार न्हाई.’

म्हणजे मान का मिळत होता, तेही कळलं. जी तोंड उघडेल तिच्याच नातीच्या तोंडात आधी पळी. मोहनराव असे काही साधे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई चेअरमनच्या वाड्यावरून शेळ्या हाकत होती. ओसरीवर ताराबाई, चेअरमनची बायको, नातवाला घेऊन बसली होती. नातू मुक्ताच्याच वयाचा, गुटगुटीत. ताराबाईनं नेहमीसारखा त्याच्या कपाळाला मारुतीचा शेंदूर लावला होता. ती आत वळली तशी मोहनरावांनी नातवाला उचललं, इकडंतिकडं बघितलं आणि खिशातल्या रुमालानं त्याचं कपाळ खसाखसा पुसलं. मग पोराचे हात पुसले. एकेक बोट पुसलं, नखाखालीसुद्धा. ताराबाई बाहेर आली आणि म्हणाली, ‘आवं, टिळा कावून पुसला?’

‘घाम आलता त्याला,’ मोहनराव म्हणाले.

छबुबाई शेळ्यांच्या मागं उभी होती. ताकाला जाऊन भांडं लपवणारे तिनं पुष्कळ बघितले होते, पण या माणसाला आता सगळं ठाऊक होतं आणि तरी शनिवार मोडायचा नव्हता. स्वतःच्या बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं. तिला त्या ओसरीवर थुंकावंसं वाटलं. पण तिनं थुंकी गिळली, कारण शनिवारी बोलायला तिला तोंड ओलं लागणार होतं.

घरी तिनं सांगून बघितलं. रामकिसन म्हणजे पालथा घडा. ‘डाक्टर न्हाई म्हनला. समद्यांनी ऐकलं. तुला आजून काय पायजे?’ अंजना मात्र आत येऊन हळूच म्हणाली, ‘आत्याबाई, खरं हाय का वो ते? पिल्लांचं?’

‘उंद्या टेकडीवर चल. डोळ्यानं बग.’

अंजना गेली नाही. टँकर आला होता. पण शनिवारी सकाळी तिनं मुक्ताला नवं झबलं घातलं ते रडत रडत घातलं.

शनिवारी टेकडीवर मंडप, माईक आणि बीडहून आलेल्या तीन पांढऱ्या गाड्या. बड्या लोकांसाठी बाटलीबंद पाणी, बाकीच्यांसाठी शांतीतीर्थ. धुळाजीनं देवाला आंघोळ घातली, मोरीशी तांब्या धरून पाणी भरून घेतलं. तांबडं पाणी, वर तेलाचे ठिपके. कुंडीच्या काठावर बांडी बसली होती, पिल्लू तिच्या पोटाला. मोहनरावांनी भाषण केलं. चंचल मनावर विजय, सहकार, मारुतीराय, आणि पुन्हा सहकार. मागं वीस-पंचवीस बायका कडेवर पोरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आयुष्यभर रांगेत उभं राहायची सवय लागली की पुढं काय वाटतात तेही माणूस विचारत नाही.

‘आता पयलं तीर्थ,’ मोहनराव माईकवर म्हणाले, ‘आमच्या संस्थेच्या सचिवांच्या कन्येला!’

रामकिसन मुक्ताला घेऊन पुढं झाला. मुक्तानं वाटेत एका पाहुण्याचा चष्मा ओढला. लोक हसले. धुळाजीनं पळी भरली.

‘थांब धुळाजी,’ छबुबाई म्हणाली.

ती शेळ्यांची काठी घेऊन गाभाऱ्याच्या पायरीवर आली. मोहनरावांचे डोळे बारीक झाले. आता ही म्हातारी शिसं-बिसं काढणार आणि आपण डॉक्टरला पुढं करणार, अशा तयारीनं ते उभे राहिले. राधाकिशन डॉक्टर तर मंडपाच्या खांबाआड जवळजवळ दिसेनासाच झाला.

पण छबुबाई शिशाचं काही बोललीच नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि बड्या लोकांकडं वळून हात जोडले. ‘आमी शेळ्यामागची मानसं. आमच्या लेकराला पयला मान दिला, चेअरमनचं मन मोठं. पन गावात रीत हाय. या गावात बैल बी चेअरमनचा आदी वेशीतून जातो. मंग मारुतीचं तीर्थ आदी आमच्या तोंडात पडलं, त देव कोपंल का न्हाई? पयला मान चेअरमनच्या नातवाचा.’

रांगेतून माना हलल्या. धुळाजी म्हणाला, ‘बरुबर हाय. मानानं तसंच पायजे.’ सटवा तर मोठ्यानं म्हणाला, ‘पोळ्याला आमाला मागं फिरवलं व्हतं, मंग आता कावून नगं?’ आणि हसू दाबत मिशीवर हात फिरवला.

ताराबाईला तर आनंदानं काय करू नि काय नको झालं. मान म्हटलं की ती बाई फुलायची. नवऱ्याच्या पंगतीला बसून तिला दुसरं शिकायला मिळालंच नव्हतं. ‘खरंच की,’ म्हणत ती नातवाला घेऊन पुढं आली. मोहनराव म्हणाले, ‘आगं, राहू दे, पाव्हने खोळंबलेत.’ पाहुण्यांतला एक जाडजूड गृहस्थ म्हणाला, ‘नाही नाही, मोहनराव, होऊ द्या. नातवाचा फोटो चांगला येईल.’

छबुबाई धुळाजीच्या अगदी कोपराशी उभी होती, काठी घट्ट धरून. या माणसानं नातवाच्या तोंडात पळी जाऊ दिली, तर ती स्वतः काठीनं उडवायची, एवढं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. लेकरू चेअरमनचं असलं तरी लेकरूच होतं. तिचे डोळे मोहनरावांच्या हातावर होते.

ताराबाईनं नातवाच्या हनुवटीला बोट लावलं. पोरानं आ केला. धुळाजीनं पळी नेली. ओठापासून चार बोटांवर पळी आली असेल, तेवढ्यात मोहनरावांनी झेप घेतली आणि असा फटका मारला की पळी खणखणत खाली दगडावर पडली. तांबडं पाणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. नातवाला त्यांनी ताराबाईच्या हातातून हिसकून छातीशी धरलं. माईक चालूच होता. पळीचा आवाज टेकडीभर गेला.



‘पळी... पळी खरकटी व्हती,’ मोहनराव म्हणाले.

धुळाजीचा अपमान झाला. बिचारा इमानदार मूर्ख. ‘न्हाई आण्णा, सकाळीच चिंच लावून घासली म्या.’

‘खरकटी आसंल त दुसरी हाय की,’ छबुबाई म्हणाली. ‘आन रे धुळाजी, देवाची चांदीची पळी आन.’

‘नगं! बाळाला सर्दी हाय.’

‘परवा ओसरीवर टिळा पुसला तवा घाम व्हता,’ छबुबाई म्हणाली. ‘आज सर्दी झाली का? आन् नखं पुसली ती कशापायी, चेअरमन?’

ताराबाई नवऱ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा मान हळूहळू उतरला आणि खाली नुसती आजी उरली. तिनं बड्या लोकांसमोर, माईकसमोर, तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला सवाल केला.

‘काय हाय वो त्या पान्यात?’

मोहनराव नातवाच्या ओठावर उडालेला एक थेंब रुमालानं पुसत राहिले.

अंजना रांगेच्या बाजूनं चालत पुढं आली. घाईनं नाही. रामकिसनच्या हातातून तिनं मुक्ताला काढून घेतलं. ‘आगं, थांब, चेअरमन काय म्हन्त्यात...’ रामकिसन म्हणायला लागला. ‘तुमी बसा चेअरमनपाशी,’ ती म्हणाली आणि टेकडी उतरायला लागली. मग रांगेतली एक गेली, मग तिघी गेल्या, आणि मग रांग राहिलीच नाही. पांढऱ्या गाड्याही निघाल्या. त्यांना बाटलीबंद पाणीसुद्धा पुरतं प्यायला मिळालं नाही.

तरी दोन बायका मागं राहिल्याच. ‘आमच्या लेकराला द्या की, लईच हट्टी हाय,’ म्हणत. छबुबाईनं त्यांना काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. चोळा बंद झाला, पण शेंदूर वाईट म्हणून नव्हे, तर ‘देवाचा आदेश झाला’ म्हणून. राधाकिशन डॉक्टरनं बदली करून घेतली. संस्थेच्या निवडणुकीत मोहनराव पुन्हा चेअरमन झाले, कारण बोरटेकला लाज वाटते ती जास्तीत जास्त आठ दिवस. ताराबाई मात्र त्यानंतर कुठल्याही मानाला पुढं आली नाही. कुंडी छबुबाईनं त्याच संध्याकाळी दगडमातीनं भरून टाकली आणि रोज घरून एक घागर साधं पाणी डोक्यावर नेऊन खापरात ओतू लागली. घरात भांड्याला पाणी कमी पडलं तर अंजना काही बोलायची नाही.

ज्येष्ठ लागला तेव्हा एकदा अंजना आणि मुक्ता तिच्याबरोबर टेकडीवर गेल्या. मुक्ता आता धरून धरून चालत होती. खापराशी बांडी पाणी पीत होती. पिल्लू शेजारी बसलेलं, पाच महिन्यांचं, अंग करडं झालेलं, पण बसणं तेच. मुक्तानं छबुबाईच्या हातातली भाकरी ओढली, मोडली आणि एक तुकडा त्याच्यापुढं टाकला. तुकडा त्याच्या पायाला लागून थांबला. पिल्लानं त्याच्याकडं बघितलं. हात उचलला नाही.

‘घे की रे,’ छबुबाई म्हणाली. ‘चोर, घे. तुझ्या मायनं माझ्या किती पळवल्या.’

ते बसूनच राहिलं. शेवटी बांडीनं तुकडा उचलला, त्याच्या तोंडाशी धरला आणि वाट बघत बसली. मुक्तानं तेवढ्यात आजीची पोत मुठीत धरून ओढली. पोत तिसऱ्यांदा तुटली, मणी दगडांत विखुरले. छबुबाईनं ते गोळा केले नाहीत. तिनं मुक्ताची ती मूठ दोन्ही हातांत घट्ट धरली आणि बांडीकडं बघत रडायला लागली.